ऐरोलीच्या खाडीचं पाणी तपासतोय, पण आकडे दर रविवारी उलटसुलट. काय चुकतंय?

खाडीकाठ_ऐरोली

नमस्कार मंडळी. ऐरोलीतले आम्ही नऊ जण दिवा गावच्या जेट्टीवर आणि जवळच्या दोन नाल्यांच्या तोंडाशी पाणी तपासतो. दर रविवारी सकाळी ८ वाजता, दोन महिने झाले. हाताशी पीएच पेन, घरगुती टीडीएस पेन (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा), मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारा विरघळलेल्या ऑक्सिजनचा थेंबांचा संच आणि थर्मामीटर आहे. पाणी दोरीला बांधलेल्या बादलीने काढतो.

जेट्टीवर ऑक्सिजन एका रविवारी लिटरला ५ मिग्रॅ, पुढच्या रविवारी २, मग पुन्हा ५ च्या आसपास. टीडीएस पेन जेट्टीवर कायम एरर दाखवतो, नाल्यात कधी ९०० तर कधी एरर. पीएच पेन दोन आठवड्यांत ०.६ ने सरकला.

आता २५ हजार रुपये जमलेत. त्यात नेमकं काय घ्यावं? विष्ठेच्या जंतूंसाठी त्या काळ्या पडणाऱ्या एचटूएस बाटल्या स्वस्त मिळतात, त्या चालतील का? आणि आमचे आकडे पालिका किंवा प्रदूषण नियंत्रण मंडळ धरतील का?

उधाणभांग

संच बहुधा ठीक आहे. गोंधळ रविवारचा आहे.

भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. सात दिवसांत ३५० मिनिटं, म्हणजे जवळपास सहा तास. आणि भरती ते ओहोटी हे अंतर सव्वासहा तासांचं. त्यामुळे या रविवारी ८ वाजता भरती असेल तर पुढच्या रविवारी ८ वाजता जवळजवळ ओहोटी असते, त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा भरती. ५, २, ५ हा आकडा तेच सांगतोय. भरतीला तुम्ही बंदराकडून आलेलं पाणी मोजता, ओहोटीला नाल्यांचं आणि चिखलावरून निथळलेलं. दोन वेगळी पाणी एकाच रकान्यात पडतायत.

जुने आकडे फेकू नका. प्रत्येक नोंदीपुढे त्या वेळची भरतीची स्थिती लिहा (भरतीचे तक्ते मागच्या तारखांचेही मिळतात) आणि दोन वेगळ्या याद्या करा. मग प्रत्येक यादीत चढउतार किती उरतो ते पाहा.

पुढे वार न धरता पाणी धरा. कोळीवाड्यातल्या कुणालाही विचारा, तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला ३, अष्टमीला ६, पौर्णिमा-अमावास्येला साधारण १२. (पौर्णिमेनंतर पुन्हा १ पासून मोजायचं.) म्हणजे पौर्णिमा आणि अमावास्येच्या सकाळी सव्वासहाच्या सुमारास पूर्ण ओहोटी. ती उधाणाची (पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरती-ओहोटीची) ओहोटी, पाणी सगळ्यात खाली, आणि वेळ पहाटेची. पहाटे ऑक्सिजन दिवसभरातला सगळ्यात कमी असतो, कारण रात्रभर शेवाळ ऑक्सिजन तयार करत नाही, फक्त वापरतं. खाडीची सगळ्यात वाईट घटका एकाच फेरीत सापडते. त्याच दिवशी दुपारी भरतीला दुसरा नमुना घ्या. महिन्यात दोन दिवस, दिवसाला दोन वेळा. दर रविवारच्या चार फेऱ्यांपेक्षा हे चार नमुने कितीतरी जास्त बोलतील.

एक पथ्य. छापील तक्ता अपोलो बंदरचा असतो. खाडीत वर जाल तसं पाणी उशिरा पोचतं, आणि ओहोटीला जास्त उशीर होतो. किती ते तुमच्याच जेट्टीवर मोजा. दर १० सेंमीला खूण केलेला बांबू खांबाला बांधा, ओहोटीच्या तक्त्यातल्या वेळेच्या तासभर आधीपासून दोन तास नंतरपर्यंत दर १० मिनिटांनी पाण्याची पातळी लिहा. पाणी उतरायचं थांबलं ती तुमची ओहोटी. एकदा उधाणाला, एकदा भांगाला (अष्टमीच्या आसपासच्या लहान भरती-ओहोटीला) मोजलं की तक्त्याच्या वेळेत मिळवायचा उशीर कायमचा हाती आला.

टायट्रेशन

भरतीचं वर नीट आलंय. पण बादली सोडा. बादली वर ओढताना पाणी हिंदकळतं, हवा मिसळते. ज्या पाण्यात १ मिग्रॅ ऑक्सिजन आहे तिथे ती भर मोठी असते. म्हणजे खाडी जितकी वाईट, तितकी बादली खोटं जास्त बोलते.

नमुना काढायचं साधन घरी होतं. २ लिटरची रुंद तोंडाची, घट्ट आट्यांच्या झाकणाची बरणी घ्या. आत ३०० मिलीची काचेची बीओडी बाटली (घट्ट बुचाची, प्रयोगशाळेत वापरतात ती) उभी बसली पाहिजे, हलू नये म्हणून तळाला फोमची चकती. झाकणाला ६ मिमीची दोन भोकं. एकातून नळी थेट आतल्या बाटलीच्या तळापर्यंत. दुसऱ्यात हवेची नळी, आतून झाकणापुरतीच आणि बाहेरून १५-२० सेंमी वर उभी. सांधे एम-सीलने बंद. पाणी आधी बाटलीच्या तळाशी शिरतं, बाटली भरून ओसंडतं, मग बरणी भरते. बरणी भरेपर्यंत बाटलीतलं पाणी पाचेक वेळा बदललेलं असतं आणि हवेला लागलेलं पहिलं पाणी निघून गेलेलं असतं. हवेचे बुडबुडे थांबले की वर ओढा, नळी हळूच काढा आणि बाटलीचं बूच पाण्याखालीच लावा.

इथे हमखास चुकतं ते वजन. रिकामी २ लिटरची बरणी बुडवायला २ किलोच्या वर वजन लागतं, वाहत्या पाण्यात त्याहून जास्त. जाळ्याला लावतात ती शिशाची वजनं ३ किलो बांधा, नाहीतर बरणी पृष्ठभागावर आडवी होते आणि वरचा फेसच भरून आणते. नमुना अर्ध्या मीटर खालचा घ्या.

ऑक्सिजनसाठी २५ हजारांत खात्रीची पद्धत म्हणजे विंकलर, म्हणजे रसायनं टाकून, शेवटी टायट्रेशनने (रंग जाईपर्यंत मोजून द्रावण सोडत) ऑक्सिजन मोजायची रीत. ऑप्टिकल मीटर चांगला, पण या पैशांत बाकी सगळं घेऊन तो बसणार नाही. स्वस्त मीटर घ्यायचाच झाला तर त्यात खारटपणाची दुरुस्ती आहे का ते पाहा. २८ अंशांना गोड्या पाण्यात ऑक्सिजन जास्तीत जास्त ७.८ मिग्रॅ मावतो, ३० पीपीटी (लिटरला सुमारे ३० ग्रॅम मीठ) खाऱ्या पाण्यात साडेसहाच्या आसपास. दुरुस्ती न करता मोजलं तर आकडा पाचव्या-सहाव्या हिश्शाने फुगतो.

विंकलरची कृती: ३०० मिली बाटलीत पिपेटचं टोक पाण्यात बुडवून १ मिली मँगनस सल्फेट, मग १ मिली अल्कली-आयोडाइड-अझाइड. बुडबुडा न ठेवता बूच लावून बाटली उलटसुलट करा. तपकिरी साका (खाली बसणारा गाळ) आला तर ऑक्सिजन आहे, पांढराच राहिला तर शून्य, पुढचं टायट्रेशन करायची गरज नाही, तसंच लिहा. खाऱ्या पाण्यात साका सावकाश बसतो, घाई करू नका. निम्मा खाली बसला की पुन्हा हलवा, पुन्हा बसू द्या. मग १ मिली तीव्र सल्फ्युरिक आम्ल, साका विरघळून पाणी पिवळं-तपकिरी होतं. यातलं २०१ मिली घेऊन ०.०२५ नॉर्मल सोडियम थायोसल्फेटने टायट्रेट करा. रंग वाळल्या गवतासारखा फिका झाल्यावरच स्टार्च टाका. निळा रंग पहिल्यांदा नाहीसा होतो तो शेवट. जितके मिली लागले तितके मिग्रॅ प्रति लिटर.

स्टार्च लवकर टाकला तर आयोडीन त्यात अडकतं आणि शेवट लांबतो. थायोसल्फेट ठेवून ठेवून क्षीण होतं, मग ते जास्त लागतं आणि खाडी आहे त्यापेक्षा चांगली दिसते. गडद बाटलीत ठेवा आणि प्रत्येक फेरीआधी पोटॅशियम आयोडेटने तपासा. दर फेरीत एका ठिकाणच्या दोन बाटल्या घ्या. दोघींत ०.२ पेक्षा जास्त फरक आला तर त्या दिवसाचे आकडे पाठवू नका.

नाल्याच्या तोंडाशी सडक्या अंड्याचा वास असेल तर सल्फाइड आयोडीन खाऊन टाकतं आणि आकडा आणखी खाली येतो. म्हणून वासाचा रकाना ठेवाच.

पीएच पेन सरकतो कारण बहुतेक जण तो शुद्ध पाण्यात ठेवतात. त्याने टोक मरतं. ३ मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये ठेवा. दर फेरीच्या सकाळी पीएच ७ आणि १० च्या बफरने (ठरावीक पीएचच्या द्रावणाने) दोन बिंदूंवर जुळवा. खाडीचा पीएच बहुतेक वेळा याच टप्प्यात असतो, ४ च्या बफरचा इथे फारसा उपयोग नाही.

खाडीकाठ_ऐरोली

तिथीचं गणित घरात आजोबांकडून ऐकलेलं, पण ते इथे लावायचं सुचलं नव्हतं. टायट्रेशन, आमच्यात दोन शाळकरी मुलं आहेत. तीव्र आम्ल जेट्टीवर नेणं बरं वाटत नाही. काही पर्याय?

टायट्रेशन

जेट्टीवर फक्त पहिली दोन द्रावणं टाका, तीही मोठ्या माणसाने, हातमोजे आणि चष्मा घालून. साका झाल्यावर बूच लावून बाटली पाण्याने भरलेल्या डब्यात उभी बुडवून, अंधारात घरी न्या आणि त्याच दिवशी आम्ल टाकून टायट्रेट करा. शिवाय सल्फ्युरिकच्या जागी सल्फॅमिक आम्लाची भुकटी असलेले संच मिळतात, ते नवख्यांसाठी बरे.

मुलांना तापमान, खारटपणा, गढूळपणा आणि नोंदी द्या. ते काम दुय्यम अजिबात नाही, निम्मे घोळ नोंदवहीतच होतात.

उरलेली द्रावणं गटारात ओतू नका. अझाइड विषारी आहे आणि आम्लाबरोबर विषारी वायू देतं. प्लास्टिकच्या कॅनमध्ये जमवून एखाद्या महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळेला द्या.

नालेमोजणी

टीडीएस पेनचं उत्तर राहिलंय. घरगुती पेन लिटरला काही हजार मिग्रॅच्या आतल्या पाण्यासाठी असतो, खाडीचं पाणी उन्हाळ्यात ३० हजारांच्या पुढे जातं. तो एरर दाखवणारच. त्याऐवजी ० ते १०० पीपीटीचा हातातला रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाश किती वाकतो त्यावरून खारटपणा दाखवणारा) घ्या. शुद्ध पाण्याने शून्यावर आणा, काच पुसा, नमुन्याचे २-३ थेंब टाका, झाकणाखाली बुडबुडा राहू देऊ नका, उजेडाकडे धरून वाचा. दर वापरानंतर गोड्या पाण्याने धुवा. मला विचाराल तर तुमच्या यादीत पहिली खरेदी हीच.

कारण खारटपणा कळल्याशिवाय नाल्याच्या तोंडाचा एकही आकडा समजत नाही. नाल्यात पेन कधी ९०० आणि कधी एरर, याचा अर्थ कधी तुम्ही नाला मोजत होता आणि कधी नाल्यात चढलेली खाडी. समजा जेट्टीवर ३० पीपीटी आणि तोंडाशी १२. म्हणजे तिथल्या पाण्यात ४० टक्के खाडी, ६० टक्के नाला. तिथे अमोनिया ६ मिग्रॅ आला आणि खाडीचा जवळजवळ नगण्य असेल, तर नाल्याचा खरा अमोनिया १०. खूप नोंदी झाल्या की आडव्या रेघेवर खारटपणा आणि उभ्या रेघेवर अमोनिया मांडा. ठिपके सरळ रेषेत पडले तर नाला नुसता पातळ होतोय. मध्येच एखादा ठिपका रेषेच्या बराच वर गेला तर तिथे दुसरं काहीतरी मिसळतंय, त्या काठावर चालत जाऊन शोधा.

अमोनियाचा संच घेताना नेस्लर द्रावणाचा घेऊ नका. खाऱ्या पाण्यातल्या मॅग्नेशियम-कॅल्शियममुळे ते गढूळ होतं. सॅलिसिलेटचा, हिरवा रंग येणारा संच घ्या आणि खाऱ्या पाण्याचा रंगतक्ता सोबत आहे का ते पाहा. अमोनिया आणि पीएच नेहमी एकत्र लिहा. पीएच ७ वरून ८ ला गेला की माशांना मारणारा भाग साधारण दहापट होतो.

नाल्याचा प्रवाहही मोजा, त्याला पैसे लागत नाहीत. ओहोटीला, भरतीचं पाणी चढत नाही अशा जागी, सरळ १० मीटर पट्टा आखा आणि लिंबू सोडा. लिंबू चांगलं, अर्धवट बुडतं आणि वाऱ्याने ढकललं जात नाही. १० मीटरला २५ सेकंद लागले, रुंदी ३ मीटर, खोली ०.३ मीटर असेल तर ३ × ०.३ × ०.४ × ०.८ म्हणजे सेकंदाला सुमारे २९० लिटर. (०.८ यासाठी की तळाचं पाणी वरच्यापेक्षा हळू जातं.) १० मिग्रॅ अमोनिया असेल तर तासाला १० किलोच्या आसपास अमोनिया खाडीत जातो. ‘पाणी काळं दिसतं’ या वाक्यापेक्षा हा आकडा पालिकेच्या टेबलावर वेगळा वाचला जातो.

नवी मुंबईत एक गोष्ट विसरू नका, धारण तलाव (नाल्यांचं पाणी भरतीच्या वेळी साठवणारे). भरतीला त्यांची दारं बंद असतात, ओहोटीला उघडतात, आणि साठलेलं पाणी एकदम खाली येतं. तलावाच्या तोंडाशी मोजताना दार उघडं होतं की बंद, आणि उघडून किती वेळ झाला, ते लिहा.

पाण्यावर तेलासारखा तवंग दिसला तर काडीने ढवळा. काचेसारखे तुकडे झाले आणि तसेच राहिले तर तो लोहजीवाणूंचा पापुद्रा. पुन्हा एकसंध झाला तर तेल.

कांदळवन_कोपरी

एचटूएस बाटल्या खाडीसाठी घेऊ नका. त्या पिण्याच्या पाण्यासाठी आहेत. खाडीच्या चिखलात मुळातच सल्फाइड आणि ते तयार करणारे जीवाणू असतात. विष्ठा असो वा नसो, बाटली काळी पडते. विष्ठेचे जंतू एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासा. निर्जंतुक बाटली, वर बोटभर जागा मोकळी, बर्फाच्या पेटीत, सहा तासांत पोच. वर्षातून चार वेळा पुरे, पैसे तिथे ठेवा.

प्रयोगशाळेला यादी देताना सीओडी (रसायनाने घाण जाळायला लागणारा ऑक्सिजन) लिहू नका. खाडीच्या पाण्यातलं क्लोराइड डायक्रोमेटच्या चाचणीत घुसतं आणि भलताच मोठा आकडा येतो. बीओडी (जीवाणू घाण कुजवताना खातात तो ऑक्सिजन) मागा, आपल्याकडे तो २७ अंशांना ३ दिवसांचा करतात. तुलना सीपीसीबीच्या (केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या) सागरी वर्गांशी करा. एसडब्ल्यू-२ वर्गात, म्हणजे स्नान आणि व्यावसायिक मासेमारीसाठी, ऑक्सिजन ४ मिग्रॅ किंवा ५० टक्के संपृक्तता (पाण्यात मावेल त्याच्या निम्मा) यांतलं जे जास्त ते, बीओडी ३ पर्यंत, विष्ठेचे कोलिफॉर्म १०० मिलीत १०० पर्यंत. बंदराच्या एसडब्ल्यू-४ वर्गात ऑक्सिजन ३, बीओडी ५, कोलिफॉर्म ५००. नदीचे निकष खाडीला लावू नका, त्यावरूनच पहिली हरकत येते.

जागेबद्दल. ऐरोली आणि वाशी पुलांच्या मधला मोठा भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि खाडी २०२२ पासून रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा). अभयारण्याच्या पाण्यात किंवा कांदळवनात शिरायचं असेल तर वनखात्याच्या कांदळवन कक्षाची परवानगी आधी घ्या. जेट्टी, पूल आणि बांधावरून काम होत असेल तर चिखलात उतरूच नका. इथला गाळ गुडघ्याच्या वर धरून ठेवतो आणि भरती थांबत नाही. तरी उतरावं लागलंच तर तिघांपेक्षा कमी नको, एकाच्या हातात दोरी बांधावरच. पायाला जखम असेल तर त्या दिवशी फक्त नोंदी करा. पावसाळ्यात लेप्टोची (उंदरांच्या मुताने दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाची) भीती खरी आहे.

आणि पहिल्या मोठ्या पावसाचा नमुना चुकवू नका. सात-आठ महिने गटारांत साठलेलं एका रात्रीत खाली येतं. तेव्हा गोडं पाणी वर आणि खारं खाली असे थर होतात, म्हणून वरचा आणि दोन मीटर खालचा असे दोन नमुने.

चेंदणी_बंदर

आकडे धरतील का, याचं उत्तर दोन भागांत.

न्यायालयात पुरावा म्हणून नाही. १९७४ च्या जल प्रदूषण कायद्याच्या कलम २१ प्रमाणे मंडळाने ठरलेल्या रीतीने घेतलेला नमुनाच तिथे चालतो: सोडणाऱ्याला नोटीस, त्याच्या समोर नमुन्याचे दोन भाग, सील, सह्या. तुमची बाटली कितीही काटेकोर असली तरी ती त्यात बसत नाही.

पण मंडळाच्या माणसाला नेमक्या ठिकाणी, नेमक्या वेळी आणायला तुमचेच आकडे लागतात, आणि त्यांची खरी ताकद तीच आहे. ‘नाला प्रदूषित आहे’ असं पत्र पाठवलं तर कुणीतरी मंगळवारी दुपारी भरतीला येऊन पातळ झालेलं पाणी घेऊन जाईल. त्याऐवजी लिहा: अमुक नाला, तमुक पुलाच्या खाली, अक्षांश-रेखांश, गेल्या सहा पौर्णिमा-अमावास्यांपैकी पाच वेळा ओहोटीला सकाळी ६ ते ८ च्या दरम्यान ऑक्सिजन शून्य, अमोनिया इतका, प्रवाह इतका, पुढची ओहोटी या तारखेला इतक्या वाजता, नमुना त्या वेळी घ्यावा ही विनंती. सोबत तारीख-वेळेसह फोटो. एक प्रत मंडळाच्या कार्यालयाला, एक पालिकेच्या पर्यावरण विभागाला. पोच घ्या.

नमुना घेतला जाईल त्या वेळी तिथेच थांबा आणि त्याच जागी, त्याच मिनिटाला आपलाही घ्या. पुढे अहवाल माहिती अधिकारात मागा आणि शेजारी ठेवा. दोन आकडे जुळले की तुमच्या बाकीच्या नोंदींनाही वजन येतं. नाही जुळले तर आपली पद्धत आधी तपासा, मग पत्र लिहा.

अचानक रंगीत पाणी किंवा मेलेले मासे दिसले तर पौर्णिमेची वाट पाहू नका. ताबडतोब दोन लिटर नमुना बर्फात, फोटो, फोन, आणि किती मासे, कोणते, हेही लिहा. बोईट आणि शिंगाळा एकत्र मेले असतील तर पूर्ण पाण्यातच काहीतरी आलंय. नुसते निवटे (चिखलात राहणारे मासे) चिखलाबाहेर येऊन मरत असतील तर काठाचा, गाळाचा विचार आधी करा.

खाडीकाठ_ऐरोली

सगळ्यांचे मनापासून आभार. आता असं ठरतंय: रिफ्रॅक्टोमीटर, सल्फॅमिकचा विंकलर संच, बीओडी बाटल्या सहा, सॅलिसिलेटचा अमोनिया संच, पीएचचे बफर, बरणी आणि शिसं. उरलेले पैसे प्रयोगशाळेला. एकच शंका, पौर्णिमा मधल्या वारी आली आणि माणसं मिळाली नाहीत तर आधीच्या की नंतरच्या दिवशी जावं?

उधाणभांग

नंतरच्या. आदल्या दिवशी ओहोटी ५० मिनिटं लवकर, म्हणजे अंधारात येते. दुसऱ्या दिवशी ती ५० मिनिटं उशिरा, सातच्या पुढे, आणि मुंबईपासूनचा उशीर धरला तर तुमच्याकडे आणखी पुढे. उजेड असतो आणि पाणीही तितकंच खाली असतं, उधाण पौर्णिमेनंतर दोनेक दिवस टिकतं. दोन दिवसांपेक्षा जास्त मात्र सरकू नका. आणि बांबू या आठवड्यातच बांधा, तो नसेल तर ‘ओहोटी’ हा शब्द वहीत अंदाजाने लिहिला जाईल.